प्रतीक्षा धोत्रेचा वंचितांक

मानवजातीच्या इतिहासात प्रथमच दारिद्र्याला खोटं बोलता येणार नाही, हे वाक्य तांबेगाव नगरपरिषदेच्या शाळा क्रमांक चारच्या मैदानावर, मंडपाखाली, माइकमधून उच्चारलं गेलं आणि टाळ्या पडल्या. दारिद्र्य आजवर खोटं बोलत होतं याचा पुरावा कुणाकडेच नव्हता. खोटं बोलत होते ते दारिद्र्याचे दाखले. पण दाखले देणारे आणि घेणारे दोघेही पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते, त्यामुळे तो मुद्दा निघाला नाही.

टाळ्या ज्या यंत्रासाठी होत्या ते दिसायला फणीसारखं होतं. सरकारी नाव ‘समता-दर्शक’, पण फणीसारख्या दिसणाऱ्या वस्तूला तांबेगावात फणीच म्हणतात. पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञ मुलीने प्रात्यक्षिकासाठी मूल पुढे बोलावलं, तर प्रमुख पाहुण्यांनी स्वतःचंच डोकं पुढे केलं. फणी फिरली. पडद्यावर आकडा आला, त्याखाली तांबड्या अक्षरांत ‘अतिवंचित’. तंत्रज्ञ मुलगी हळू आवाजात म्हणाली, “कलपामुळे होतं, सर.” पण माइक चालू होता. पाहुणे मात्र मुरलेले होते. “मी सामान्य माणूस आहे हे यंत्रानंही ओळखलं,” ते म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

मंडपाच्या मागच्या खांबाशी हेमलता दुधाळ उभी होती. ती हसली नाही. सोळा वर्षांपूर्वी डी.एड. झालेली बाई, तेव्हापासून शिक्षकभरतीची वाट बघत एका साडीच्या दुकानात घड्या घालत होती. भरतीचं वय उलटून गेलं, साडीची फॅशन चारदा पालटली, आणि आता या फणीमुळे तिला ‘निधी-शिक्षिका’ म्हणून नेमणूक मिळाली होती. तीन वर्षं निधी टिकला तर कायम. तिच्यासाठी फणी हसण्याची गोष्ट नव्हती.

फणीमागचं विज्ञान साधं होतं आणि खरंही होतं. या प्रकरणातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हणता येतं. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना रक्तातून जे येईल ते स्वतःत गुंडाळून घेतो. मूल सतत भ्यालेलं असेल तर त्याच्या मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडत राहतात, ते केसात उतरतं. मूल अर्धपोटी असेल तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळून दिवस काढतं, आणि मग केसातल्या जड नायट्रोजनचं प्रमाण चढतं. थोडक्यात, केस हा चुगलखोर आहे. आई सांगेल, ‘जेवून आलीय’. केस सांगेल, ‘चहात बुडवून पाव, तोही अर्धा.’ मुळापासूनचे तीन सेंटिमीटर म्हणजे गेली तिमाही.

पूर्वी हे कळायला केस कापून प्रयोगशाळेत पाठवावे लागत. फणीच्या दातांतून प्रकाशाचे बारीक किरण जात, केसावर आपटून परत येत, आणि मुठीवरच्या पडद्यावर आकडा उमटे. शून्य म्हणजे खाऊनपिऊन सुखी. शंभर म्हणजे विचारू नये. याला ‘वंचितांक’ म्हणायचं. दर सप्टेंबरात मापन. शाळेची सरासरी साठाच्या वर असेल तर शाळेला ‘समतोल निधी’, आणि तो वंचित बालकांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी वापरावा, असा आदेश होता. बालकांची उन्नती झाली की सरासरीचं काय होईल, हा प्रश्न आदेश लिहिणाऱ्याला पडला नसावा. किंवा पडला असेल आणि त्याची बदली झाली असेल.

मुख्याध्यापक भानुदास उगले यांनी पहिल्या वर्षीचा निधी उन्नतीवरच खर्च केला. रस्त्याच्या बाजूला ‘समता प्रवेशद्वार’ नावाची कमान उठली. तिचं उद्घाटन कुणी करायचं यावर दोन गटांत वाद असल्यामुळे ती कुलूपबंद राहिली आणि मुलं मागच्या भिंतीच्या भगदाडातून येत राहिली. व्हरांड्यात ‘बोलकी भिंत’ आली. पूर्वी बोलकी भिंत म्हणजे चित्रं रंगवलेली भिंत. ही खरोखर बोलायची. दिवसभर पाढे म्हणायची. उन्हात तापली की तिचा आवाज घोगरा व्हायचा आणि एकोणीसच्या पाढ्यात ती अडकायची. मुलं तिला पुढचा आकडा सांगून सोडवायची, एवढाच तिचा शैक्षणिक उपयोग. उगले सरांच्या खोलीत थंड हवेचं यंत्र बसलं, कारण वंचितांचा विचार थंड डोक्याने करावा लागतो. उरलेल्यात हेमलता.

तिला कमान जमत नव्हती, म्हणून तिने मुलं घेतली. शाळेच्या आधी एक तास ती वर्ग उघडायची. खडी क्रशरच्या वस्तीतली दहाबारा पोरं यायची, भुवयांवर पांढरी भुकटी घेऊन. आधी हातपाय धुणं, मग उकडलेलं अंडं, मग वाचन. अंडं आधी का, असं सरांनी विचारलं होतं. हेमलता म्हणाली होती, “उपाशी पोराला काना-मात्रा दिसत नाहीत, सर.”

त्या पोरांत प्रतीक्षा धोत्रे होती. पहिलीपासून शाळेत, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला हात वर करायची. तिची आई रेश्मा क्रशरवर पट्ट्याशी उभी राहून दगड निवडायची. बाप कर्नाटकात खाणीवर होता आणि तिथून फक्त त्याच्याबद्दलच्या अफवा यायच्या. हेमलताने या पोरीला शेजारी बसवून घेतलं. तीन महिने नुसतीच बसवली. चौथ्या महिन्यात पोरगी तिच्या कानाशी येऊन म्हणाली, “बाई, तुमच्या अंड्याला मीठ कमी असतंय.” तिचं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर ती थांबली नाही. दुसऱ्या वर्षी ती वाचायची, भांडायची, बोलक्या भिंतीला उलट उत्तरं द्यायची, आणि डबा खाताना हेमलताच्या गुडघ्याला टेकून बसायची, आपली जागा असल्यासारखी. हेमलताला मूल नव्हतं. हे इथे सांगितलं पाहिजे असं नाही, पण वस्तीतल्या बायका ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगत नसत.

दुसऱ्या सप्टेंबरच्या मापनात प्रतीक्षाचा आकडा धाडकन खाली आला. पहाटेच्या वर्गातल्या इतरांचेही थोडेथोडे उतरले.

*

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, उगले सरांनी हेमलताला खोलीत बोलावलं. बसा म्हणाले, म्हणजे गोष्ट वाईट होती.

“मॅडम, मुलांची प्रगती झालीय.”

“हो सर. आनंदाची गोष्ट आहे.”

“कुणाच्या?”

सरांनी टेबलावरची काच रुमालाने पुसली.

“सरासरी साठाला टेकलीय. आपला पट केवढा? एकेक डोकं सरासरी हलवतं. पलीकडच्या बोरवंडच्या शाळेचा निधी गेल्या वर्षी बंद झाला, ऐकलं ना? तिथली निधी-शिक्षिका आता मोंढ्यात मिरच्या निवडते. हुशार बाई होती. पोरांना फार छान हसवायची.”

“म्हणजे सर, मी करायचं काय?”

“मी काहीच सांगत नाही. मी सांगितलं तर तो गुन्हा होईल. मी फक्त तुम्हाला तुमचं भवितव्य दाखवतोय. यंदा निधी राहिला तर तुम्ही कायम. नाही राहिला तर साड्या.”

तालुक्यात एव्हाना या अडचणीवर व्यवसाय उभा राहिला होता. शिंगाडे नावाचे एक निवृत्त कवायत-शिक्षक होते. छडीपायी दोनदा निलंबित झालेले, गावाने ओवाळून टाकलेले. मापनाच्या आधीच्या तिमाहीत त्यांना आता मागणी इतकी, की शाळा त्यांच्या तारखा उन्हाळ्यातच धरून ठेवत. ते यायचे, शिट्टी वाजवायचे, अचानक परीक्षा जाहीर करायचे, खेळाचा तास रद्द करायचे. कुणाला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. फणीला वळ कळत नाहीत, भीती कळते. आदरातिथ्य निधीतूनच व्हायचं. कागदोपत्री त्यांचं पद ‘भावनिक सक्षमीकरण सल्लागार’ असं होतं.

शाळा क्रमांक चारमध्ये ते आठवडाभर शिट्टी वाजवून गेले. पोरं वठणीवर आली. पहाटेच्या वर्गातली दोन पोरं तर पुन्हा गादी ओली करायला लागली, असं उगले सर समाधानाने म्हणाले. एकटी प्रतीक्षा शिट्टीला हसली. तिने शिंगाडे सरांना विचारलं, “सर, तुम्ही आधी एस.टी.त होता का?”

त्या संध्याकाळी उगले सर हेमलताच्या वर्गाच्या दारात उभे राहिले. “या पोरीला शिट्टी लागत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “हिला तुम्ही लागता.”

*

नवऱ्याला तिने घरी सगळं सांगितलं. अरविंद दुधाळची कोर्टासमोर झेरॉक्सची टपरी होती आणि दुसऱ्यांच्या भानगडी रोज वाचल्यामुळे त्याला आश्चर्य वाटणं बंद झालं होतं.

“एका तिमाहीचा तर प्रश्न आहे,” हेमलता म्हणाली. “कायम झाले की पुढची पंधरा-सतरा वर्षं शेकडो पोरांचं भलं करता येईल. एका पोरीला तीन महिने जरा तोडून वागलं तर काय होतं? लोक सख्ख्या पोरांना आठ-आठ वर्षं होस्टेलला ठेवतात.”

“बरोबर आहे,” अरविंद म्हणाला.

“असं काय बोलतोस?”

“बरोबर आहे म्हणालो. तुला लोकांना टाकून बोलता येतं हे मला लग्नापासून माहीत आहे. त्याचा पगार मिळेल असं वाटलं नव्हतं.”

ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी सुरुवात केली.

सुरुवात सोपी होती. अंडी वाटताना तिने प्रतीक्षाचं अंडं शेजारच्या पोराला दिलं. “तू आता मोठी झालीस. घरून खाऊन येत जा.” प्रतीक्षा म्हणाली, “बरं बाई.” तिला वाटलं, मोठी झालीस म्हणजे कौतुक आहे. मग हेमलता तिच्या वर केलेल्या हाताकडे बघेनाशी झाली. हात वरच राहायचा, दुसऱ्या हाताने आधार देऊन. मग तिची जागा शेवटच्या बाकावर, खिडकीपासून लांब. डबा खाताना प्रतीक्षा सवयीने गुडघ्याशी आली तर हेमलता उठून उभी राहिली. “घाम येतो अंगाला. लांब बस.”

पोरीने आपल्या परीने विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी ती डोकं धुऊन आली. केसांतून पाणी निथळत होतं. ती जवळ येऊन उभी राहिली. हेमलता म्हणाली, “हे काय ध्यान? वर्ग भिजवायला आलीस?”

पोरं हसली. पोरं हसली की काम अर्धं होतं, हे शिंगाडे सरांनी जाताना चहा पिता पिता सांगून ठेवलं होतं.

या कामात आपण किती तरबेज आहोत याचं हेमलताला नवल वाटत होतं. कुठे बोट ठेवलं की पोरगी विरघळते हे दोन वर्षांच्या मायेने तिला शिकवलं होतं; आता त्याच जागी टोचायचं होतं, एवढाच फरक. प्रतीक्षाला बापाबद्दल बोललेलं चालत नसे. एकदा पालकसभेची सूचना देताना हेमलता म्हणाली, “ज्यांचे वडील जागेवर आहेत त्यांनी वडिलांना आणा.” आणि शेवटच्या बाकाकडे बघितलं. तेवढंच. बोलून ती फळ्याकडे वळली आणि बराच वेळ एकच शब्द गिरवत राहिली.

प्रतीक्षा आधी जास्त मेहनत करू लागली. सगळ्यांच्या आधी येऊन वर्ग झाडून ठेवायची, बाईंची खुर्ची पुसायची, काही न विचारता बाजूला व्हायची. मग ती भिंतीशी भांडेनाशी झाली. ऑगस्टमध्ये हजेरीला ‘हजर बाई’ म्हणणं थांबलं. ती हात वर करू लागली, पहिलीसारखा.

उगले सरांनी शाळेच्या सरावाच्या फणीने तिची चाचणी घेतली. सायंकाळी पेढे आणले. कंदी पेढे, साताऱ्याचे. “तुमच्यासारखी शिक्षिका मी नोकरीत बघितली नाही,” ते म्हणाले. हेमलताने पेढा घेतला. तो चांगला होता, हीच अडचण होती.

*

रेश्मा धोत्रे शाळेत आली ती क्रशरवरून थेट, तोंडाचा मास्क गळ्यात, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. उगले सरांच्या खोलीत ती बसली नाही. खुर्च्या नव्या होत्या आणि सर खुर्च्यांकडे बघत होते.

“बाई,” ती हेमलताला म्हणाली, “माझी पोरगी झोपंत बोलतीया.”

“लहान मुलं बोलतात झोपेत.”

“काय बोलतीया ते इचारा की.”

हेमलताने विचारलं नाही.

“‘आता न्हाय करणार बाई,’ म्हन्ती. म्या इचारलं, काय केलंस? तर तिला म्हाईतच न्हाय काय केलंय. तुमाला म्हाईत हाय का?”

“तिचं अभ्यासात लक्ष नाही. शिस्त लावावी लागते,” हेमलता म्हणाली. “प्रत्येक मुलाच्या भावनिक विकासाचे टप्पे असतात...”

“टप्पं राहू द्या. दोन वरसं हिनं घरात तुमचंच गाणं लावलं हुतं. बाई असं म्हन्ल्या, बाईंनी असं केलं. मला मेलीला राग याचा, की जन्म म्या दिला आन् आई ही झाली. गप बसले. पोरगी हसती हाय, बसू दे म्हन्लं जीव तिकडं. आन् आता काय बिघडलं?”

उगले सरांना वाटलं, अधिकाराने मिटवावं. त्यांनी घसा साफ केला आणि रेश्माला समतोल निधीची योजना समजावून सांगितली. मुलांच्या केसांतून त्यांची परिस्थिती कळते, त्यावर शाळेला मदत मिळते, त्या मदतीतून मुलांचंच कल्याण होतं, त्यामुळे पालकांनी थोडं सहकार्य करावं. ते चांगलं बोलत. बोलता बोलता कमानीकडे हात करत.

रेश्माने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “म्हंजी पोरगी सुकली की तुमचं पिकतंय.”

“तसं नाही ते, ताई.”

“ताई कुनाला म्हन्ता? माझा भाऊ असता तर ह्या खुर्चीत नसता.” ती हेमलताकडे वळली. “तुमाला लाज वाटती का न्हाय ते म्या इचारनार न्हाय. दगडाला म्या रोज इचारती, त्यो काय बोलत न्हाय.”

ती गेली तिथे फरशीवर पांढरी पावलं राहिली. सरांनी शिपायाला ती पुसायला सांगितलं आणि मग म्हणाले, “बघा, घरात असा कलह. आकडा चांगला येणार.”

*

मापनाच्या दिवशी तीच पुण्याची तंत्रज्ञ मुलगी आली. मुलांची रांग व्हरांड्यात लागली. बोलकी भिंत त्या दिवसापुरती बंद ठेवली होती, कारण तिच्यामुळे मुलांना हसू यायचं. फणी फिरत होती. आकडे सुरेख येत होते. सरांच्या चेहऱ्यावर तेज चढत होतं.

रांगेच्या शेवटी रेश्मा पोरीला धरून उभी होती. दोघींची पाळी आली तेव्हा तिने पोरीच्या डोक्यावरचा रुमाल काढला.

डोकं गुळगुळीत होतं. वस्तऱ्याने भादरलेलं, हळद लावलेलं.

“हे काय?” उगले सर म्हणाले.

“नवस हुता देवीचा.”

“आजच?”

“देवीला तुमचं कॅलेंडर म्हाईत न्हाय.” रेश्माने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. “पोरगी बोलती झाली तर तिचे केस वाहीन म्हन्लं हुतं. मग ती बोलती झाली. तवा पैका नव्हता, राहून गेलं. आता परत गप झालीया. पन झाली हुती न्हवं? देवीनं तिचं काम केलं हुतं. तिच्याशी बेइमानी कशाला करायची, मान्सांची बघितली तेवढी पुरे.”

हे ती उगले सरांकडे बघून बोलली, पण ते हेमलतासाठी होतं हे सगळ्यांना कळलं. प्रतीक्षा कुणाकडेच बघत नव्हती. तिची नजर फणीच्या दातांवर होती.

सरांनी तंत्रज्ञ मुलीला बाजूला घेतलं. भुवईवरून होणार नाही का, त्यांनी विचारलं. भुवईचा केस वेगळ्या गतीने वाढतो, ती म्हणाली. हातावरची लव? नाही. पुढच्या महिन्यात? नाही. मग?

“केस नसतील तर मागच्या वर्षीचा आकडा धरायचा,” ती म्हणाली. “मूल पटावर असेपर्यंत तोच.”

मागच्या वर्षीचा आकडा म्हणजे हसणाऱ्या प्रतीक्षाचा आकडा. अंडी, गुडघा, वाचन, मीठ, सगळं त्यात होतं. तंत्रज्ञ मुलीने तो भरला. सरासरी साठाच्या खाली केसभर गेली.

मुलं वर्गात गेली. सर खोलीत जाऊन बसले आणि थंड हवेचं यंत्र त्यांनी स्वतः बंद केलं, जणू बचत सुरू झाली. हेमलता समोर उभी होती. मग तिनेच ते म्हटलं. पुढे तिने बऱ्याच जणांना सांगितलं की हे सर म्हणाले, पण म्हणाली तीच.

“सर, मूल पटावर असेपर्यंत, असं म्हणाली ती.”

सरांनी मान वर केली.

“पटावर नसेल तर तिचा आकडा धरणार नाहीत. बाकीच्यांची सरासरी साठाच्या वर आहे. आकडे महिनाअखेर कायम होतात. तिची आई शाळेवर नाराज आहेच. दाखला मागितला तर...”

“तिने मागितलाय?”

“मागेल.”

शाळा सोडल्याचा दाखला तांबेगावात सहसा आठवडा घेतो. आधी कारकून नसतो, मग शिक्का नसतो, मग दोघंही असतात आणि मुख्याध्यापक मीटिंगला असतात. प्रतीक्षा धोत्रेचा दाखला एका तासात तयार झाला. ‘वर्तणूक’ या शब्दापुढे हेमलताने ‘उत्तम’ लिहिलं. तिथे तिला कंजुषी करवली नाही.

दाखला घेऊन ती स्वतः क्रशरच्या वस्तीवर गेली. रेश्मा दारात भाकरी थापत होती. प्रतीक्षा आत भिंतीला टेकून बसली होती.

“कॅनॉलपलीकडे जिल्हा परिषदेची शाळा आहे,” हेमलता म्हणाली. “तिथले शिक्षक चांगले आहेत. प्रतीक्षाला वातावरण बदलून बरं वाटेल. मी दाखला आणलाय.”

“म्या कुटं मागितला हुता?”

“मागावा लागू नये म्हणून आणला.”

रेश्माने पिठाचा हात पुसला नाही. तसाच कागद घेतला, त्यावर बोटं उमटली. “वाटलं हुतं माफी मागाया आलासा,” ती म्हणाली. “म्हन्लं एवढं उन्हाचं चालत आल्यात, तर आयकून घ्यावं.”

“तिचं भलंच होईल तिथे.”

“तुमच्यापासनं लांब हुईल. तेवढं तर हुईल.” तिने कागद पत्र्याच्या फटीत खोचला. “प्रतीक्षे, बाई निघाल्यात. काय बोलायचंय का?”

पोरीने हात वर केला, हजेरीला करत असे तसा. हेमलताने मान हलवली आणि निघाली. वाटेत तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला, आणि राग आला म्हणजे आपण अजून बऱ्या आहोत असं वाटून पुन्हा हलकं वाटलं.

नंतरचे दोन महिने बरे गेले. अरविंदने टपरीवर लोकांना सांगून टाकलं की बायको कायम होतेय. उगले सरांनी कमानीचं कुलूप काढायची भाषा सुरू केली. मग नोव्हेंबरमध्ये आदेश आला: शाळा क्रमांक चारचा समतोल निधी बंद, निधी-शिक्षिकेचं पद रद्द.

*

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात विस्तार अधिकारी खरमाटे भेळ खात होते. हेमलता बसली नाही.

“साहेब, आमची सरासरी किती धरली?”

“कसली सरासरी?”

“वंचितांकाची. साठाच्या वर होती. मी स्वतः हिशेब केलाय.”

“ते आकडे पुण्याला जातात,” खरमाटे म्हणाले.

“आणि मग?”

“मग पुण्याला असतात.”

“निधी त्यावरच ठरतो ना?”

“ठरणार आहे. ते जोडायचं सॉफ्टवेअर अजून निविदेत आहे. तोवर जुन्याच पद्धतीनं चाललंय, पटसंख्येवर. पहिल्या वर्षापासून तसंच आहे.”

“तीन वर्षं? मग शाळांना कळवलं का नाही?”

“कुणी विचारलं नाही. शाळा आपल्या मापन करत होत्या, आम्हाला वाटलं हौस असेल.” त्यांनी भेळेतली मिरची बाजूला काढली आणि समोरच्या पडद्यावर बोट फिरवलं. “शाळा क्रमांक चार ना? बोरवंडसारखंच झालंय तुमचं. सप्टेंबरअखेरच्या पटाला एक मूल कमी पडलं.”